पांढरी तार

हुबळीत संगणकाचा पॉवर सप्लाय खोलून दुरुस्त करणारी पहिली बाई मी, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते खरं की खोटं, कुणी तपासलं नाही. दुसरी कुणी होती का, हे मीही कधी शोधलं नाही. असती, तर मला सहन झालं नसतं.

स्वभावच तसा. शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुलीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणून मी चार महिने तिच्याशी बोलले नव्हते. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, केस पिकले, पण हा दोष काही गेला नाही. तेव्हा इतक्या वर्षांच्या कामाबद्दल लिहायचंच, तर मी किती यंत्रं चालू केली ते सांगण्यापेक्षा, ज्या माणसाचा मला आयुष्यभर हेवा वाटला त्याच्याबद्दलच लिहिते. त्याचं नाव ईरप्पा. तो अजून धारवाडला काम करतो. मी गेल्या वर्षी थांबले. सोल्डरचा एक थेंब आता मला दोन दिसतो.

आमचं काम काय, ते आधी सांगायला हवं. घरातल्या भिंतीतून येणारी वीज दोनशे तीस व्होल्टची. संगणकाला ती तशीच दिली, तर एका क्षणात सगळा कोळसा. त्याला बारा, पाच, तीन अशी बारीक वीज लागते आणि तीही न हलणारी. मोठ्या विजेची बारीक वीज करायचं काम संगणकाच्या पेटीच्या मागच्या अंगाला बसवलेला पत्र्याचा एक खोका करतो. त्यातून रंगीत तारांचा झुबका बाहेर येतो. पिवळी बाराची, लाल पाचची, काळी शून्याची. ‘कॉम्प्युटर मेला’ म्हणून लोक रडत येतात, तेव्हा बहुतेक वेळा मेलेला असतो तो हा खोका. तो तपासायची सोपी युक्ती म्हणजे झुबक्यातली हिरवी तार काळीला जोडायची. खोक्याचा पंखा फिरला, तर जीव आहे. बाकीचे कारागीर त्यासाठी तारेचा तुकडा वापरत. मी अंबाड्यातला आकडा काढून वापरायची. गिऱ्हाईक बघत राहायचं आणि मला ते आवडायचं.

हुबळीतल्या केशवापुरात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी डिप्लोमा संपल्या संपल्या लागले. ईरप्पा माझ्यानंतर वर्षभरानं आला, तो यूपीएसच्या बॅटऱ्या उचलायला. कलघटगीकडच्या खेड्यातला, सातवीपर्यंत शिकलेला, आधी रेडिओच्या दुकानात बसत असे. मला अक्का म्हणायचा. पहिल्या महिन्यात मीटर कसा धरायचा, लाल टोक कुठं लावायचं, काळं कुठं, हे त्याला मी शिकवलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात धारवाडच्या एका पतसंस्थेतून तक्रार आली. त्यांचा संगणक दिवसातून दहा वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मी गेले, पेटी उचलून वर्कशॉपला आणली. दोन दिवस चालवली, एकदाही बंद पडली नाही. परत नेऊन लावली, तर तासाभरात तेच. पुन्हा आणली. खोका बदलला, मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, परत नेली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिथला व्यवस्थापक म्हणाला, ‘‘मेडम, हा कॉम्प्युटर तुमच्याकडेच ठेवा. तिथं त्याला करमतंय.’’

चौथ्या खेपेला आमच्या साहेबांनी मला न विचारता ईरप्पाला पाठवलं. त्यानं पेटी उघडलीच नाही. हाताची मागची बाजू पेटीच्या पत्र्याला हलकेच टेकवली, झटकन मागे घेतली आणि शिपायाला विचारलं, ‘‘अर्थिंगचा खड्डा कुठं हाय?’’ इमारतीतली चुकार वीज जमिनीत जावी म्हणून मागच्या अंगणात एक पत्रा पुरलेला असतो. माती कोरडी ठणठणीत झाली की वीज तिथून जात नाही, यंत्राच्या अंगावर घोटाळत राहते. ईरप्पानं त्या खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं आणि तो बसनं परत आला. संगणक त्यानंतर एकदाही बंद पडला नाही.

मी त्या यंत्रातलं प्रत्येक व्होल्ट मोजलं होतं. भिंतीतल्या अर्थिंगचं मोजायचं मला सुचलं नव्हतं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मेडमच्या तीन फेऱ्या, ईरप्पाच्या दोन बादल्या.’’ सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन भाकरी थापताना मात्र तवा इतक्या जोरात आदळला की आमचे हे बाहेरच्या खोलीतून उठून आले.

त्यानंतर वर्कशॉपचा फोन मी उचलला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, ‘‘ईरप्पाण्णा इल्लेनरी?’’ म्हणजे, ईरप्पाण्णा नाहीत का? मी बाई आहे म्हणून लोक असं विचारतात, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. काही जण त्यामुळेच विचारत, तेही खोटं नाही. पण बाकीचे विचारत, कारण तो माझ्यापेक्षा चांगला होता. पुस्तकातलं मला जास्त येत होतं. आकृती मी वाचायची, गणित मी करायची. आणि तो यंत्राजवळ जाऊन नुसता उभा राहायचा, कान लावायचा, वास घ्यायचा, बोट फिरवायचा आणि म्हणायचा, ‘‘हितं बघा की, अक्का.’’ तिथंच दोष असायचा. त्याच्या हातात आणि कानात देवानं काहीतरी जास्तीचं ठेवलं आहे, अशी माझी खात्री झाली होती. आणि जे देवानं दिलं आहे, ते शिकता येत नाही. हेव्यासाठी यापेक्षा चांगलं खतपाणी नाही.

पुढे कंपनी बंद झाली. मी हुबळीच्या नवनगरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत काम सुरू केलं. ईरप्पानं धारवाडला बसस्टँडजवळ एक लहान गाळा घेतला. काही कामानं धारवाडला जायचं झालं, की मी बसमध्ये मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीत बसायची आणि त्याच्या गाळ्यासमोर किती माणसं उभी आहेत ते मोजायची. चार असली तर दिवस वाईट जायचा. कुणीच नसलं, तर मंडईत मी भाजी जरा जास्तच घ्यायची. आमचे हे कोर्टात शिरस्तेदार होते. माणसं वाचायची त्यांना सवय. एकदा पिशवी बघून म्हणाले, ‘‘आज ईरप्पाचं दुकान बंद होतं वाटतं?’’

आता बेलूरची गोष्ट. सहा-सात वर्षं झाली असतील.

धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत हिरेमठ अण्णांचा कारखाना होता. पंपात बसणाऱ्या स्प्रिंगा ते बनवत. तार गुंडाळून स्प्रिंग करणारं एक परदेशी यंत्र त्यांनी कधीकाळी जुन्यात घेतलं होतं. ते यंत्र चालायचं एका जुनाट संगणकावर. त्या संगणकात एक लांब हिरवं कार्ड होतं. यंत्राला हुकूम द्यायचे ते त्या कार्डानं. आजच्या संगणकात ते कार्ड बसवायला खाचच नसते. यंत्र बनवणारी कंपनी बुडाली होती, दुसरं कार्ड मिळण्याची आशा नव्हती. म्हणजे तो संगणक गेला की यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं की अर्धा कारखाना गेला.

ते यंत्र चालवायचा महादेव. अळणावरजवळच्या खेड्यातला, पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा मराठी माणूस. एका सोमवारी सकाळी त्यानं संगणकाचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. अण्णांचा मला फोन आला. मी गेले, पेटी उघडली, आकडा काढून हिरवी तार काळीला जोडली. पंखा हलला नाही. खोका मेला होता. आतले वीज साठवणारे कपॅसिटर फुगून वर आले होते. अशा जुन्या खोक्यात ते व्हायचंच.

‘‘सकाळी नेमकं काय झालं?’’ मी महादेवला विचारलं.

‘‘बटण दाबलो, सुरू झालं नाही. परत दाबलो. तीन येळा दाबलो, मेडम.’’

खोका होता तसा परत जोडून ठेवला, ‘‘आता कुणी हात लावू नका,’’ असं बजावून मी हुबळीला गेले आणि तीन तासांनी नवा कोरा खोका घेऊन आले. बसवला. पडदा उजळला, संगणक व्यवस्थित सुरू झाला. अण्णांनी हात जोडले. पण महादेवनं यंत्राला हुकूम दिला, तर यंत्र ढिम्म. कार्ड उत्तरच देईना.

मी कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, दुसऱ्या खाचेत बसवलं. उपयोग नाही. नव्या खोक्याची सगळी वीज मोजली. बारा, पाच, तीन, जिथल्या तिथं. संध्याकाळपर्यंत मी झटले आणि शेवटी अण्णांना सांगितलं, ‘‘जुना खोका जाता जाता कार्ड जाळून गेला.’’

‘‘असं कसं जळालं, मेडम?’’

इथं मला ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. तेच खरं होतं. पण आयुष्यभर ते दोन शब्द मला जड गेले. मी म्हणाले, ‘‘बंद पडलेल्या यंत्राचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं की झटका बसतो. तीन वेळा दाबलंय यानं.’’

अण्णांनी ते लिहून मागितलं. मी माझ्या नावाच्या छापील कागदावर लिहून दिलं, सही केली, खाली डिप्लोमाही लिहिला. कार्ड कायमचं निकामी. कारण, चुकीची हाताळणी.

महादेव तिथंच उभा होता.

दोन दिवसांनी मी फोन केला, तेव्हा कळलं की अण्णांनी त्याला घरी पाठवलं आहे. ‘‘माझा कारखाना बुडवला त्यानं,’’ अण्णा म्हणाले. मला वाईट वाटलं. पण माझं निदान चुकलं असेल, असं एकदाही मनात आलं नाही. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं, की माझ्या शब्दाला इतकं वजन आहे.

आठवडाभर अण्णांनी कार्डासाठी बंगळूरपासून मुंबईपर्यंत भंगारवाले पालथे घातले. मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज अवघडलेला. ‘‘मेडम, राग मानू नका. धारवाडचा एक ईरप्पा आहे म्हणतात, त्याला एकदा दाखवू का? नाहीतर यंत्र भंगारातच द्यायचं आहे.’’

‘‘दाखवा की,’’ मी म्हणाले. ‘‘माझं काय जातंय? कार्ड जळालं आहे, ते त्याच्यानं थोडंच जिवंत होणार आहे?’’

दोन दिवसांनी ईरप्पा जाणार होता, त्या सकाळी मीही निघाले. आमचे हे म्हणाले, ‘‘तुला बोलावलंय का?’’ मी म्हणाले, नाही. ‘‘मग कशाला जातेस?’’ उत्तर मला ठाऊक होतं. त्याला जमू नये आणि ते जमलं नाही, हे माझ्या डोळ्यांनी दिसावं, म्हणून मी गेले. त्याला जमलं नाही तर महादेव घरीच बसणार, हेही मला कळत होतं. तरीही गेले.

ईरप्पा सिटी बसनं आला, खांद्याला कापडी पिशवी. मला बघून त्याला खरोखरच आनंद झाला. ‘‘बरं झालं अक्का, तुमी हायसा ते. मला इंग्लिश वाचायला येत नाही, कार्डावरचं वाचून सांगा.’’ अण्णांनी दोघांसाठी चहा सांगितला आणि ते ऑफिसात फोन घ्यायला गेले.

ईरप्पानं कार्डाकडे बघितलंही नाही. ‘‘जुना खोका कुठं हाय?’’ त्यानं विचारलं. तो कोपऱ्यात लोखंडाच्या चुऱ्यात पडला होता. ईरप्पानं तो उचलला, फुंकर मारली, त्याचा झुबका डाव्या हातात धरला, नव्या खोक्याचा झुबका उजव्या हातात धरला, आणि पोरं अंकलिपीतली चित्रं जुळवतात तशा एकेक करून तारा जुळवायला लागला. काळी, काळी. लाल, लाल. मी मनात म्हटलं, हे काय चाललंय? आणि तो थांबला.

‘‘अक्का, जुन्यात एक पांढरी तार हाय. नव्यात ती जागा रिकामी हाय की.’’

मी वाकून बघितलं.

ती तार उणे पाच व्होल्टची. शून्याच्या खालचे पाच. फार जुन्या कार्डांना ती वीज लागत असे. नव्या संगणकात तिचं कुणालाच काम नसतं, म्हणून खोके बनवणाऱ्यांनी पुढे ती तारच काढून टाकली आणि प्लगमधली तिची जागा मोकळी ठेवली. हे सगळं मला ठाऊक होतं. परीक्षेला मी त्यावर उत्तर लिहिलं होतं. त्या दिवशी मी नव्या खोक्यात जे होतं ते सगळं मोजलं. जे नव्हतं, ते मोजणार कसं?

कार्ड जळालं नव्हतं. ते उपाशी होतं. आणि उपाशी मी ठेवलं होतं, महादेवनं नव्हे.

‘‘ही पांढरी कशाला असते, अक्का?’’ ईरप्पानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं! ज्याला ठाऊक नव्हतं त्यानं बघितलं आणि जिला ठाऊक होतं तिनं बघितलं नाही. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, की तो खोका हिसकावून घ्यावासा वाटला.

मी घेतलाच. ‘‘द्या इकडे,’’ म्हणाले. नव्या खोक्याच्या निळ्या तारेत उणे बारा असतं; त्यातून तीन पायांचा एक छोटा रेग्युलेटर लावून उणे पाच काढता येतं. तो माझ्या हत्यारांच्या पेटीत होता. अर्ध्या तासात मी तो सोल्डर केला, जुन्या प्लगमधली पांढरी तार कापून नव्याच्या रिकाम्या जागेत बसवली. ईरप्पा टॉर्च धरून उभा होता. बटण दाबलं. पडदा आला. मी यंत्राला हुकूम दिला आणि दहा दिवस मुकं पडलेलं ते धूड घर्रकन फिरलं. पहिली स्प्रिंग टपकन ट्रेमध्ये पडली.

आवाज ऐकून अण्णा धावत आले. माझ्या हातात सोल्डरिंगची दांडी, माझ्या कपाळावर घाम. ईरप्पा बाजूला चहा पीत होता. ‘‘मेडमनीच केलं शेवटी!’’ अण्णा ओरडले. ‘‘कार्ड जिवंत केलं की हो!’’

मी ईरप्पाकडे बघितलं. आता हा सांगणार, असं वाटलं. तो बशीतला चहा संपवत म्हणाला, ‘‘हौद्री, खरं हाय. मेडमनीच केलं.’’

आणि मी गप्प बसले.

परत जाताना आम्ही दोघं बसथांब्यावर उभे होतो. मी त्याच्यावर खेकसले, ‘‘तुम्ही का नाही सांगितलंत? माझ्यावर उपकार करता?’’

‘‘काय सांगायचं, अक्का? यंत्र फिरलं की.’’ मग म्हणाला, ‘‘तुमी काय कागद लिहून दिलाय म्हणे. तेवढा परत घ्या. त्या माणसाची नोकरी गेलीया.’’

तेवढं मात्र मी केलं. तिथूनच मागे फिरले, अण्णांना सांगितलं की कार्ड मुळात जळालंच नव्हतं, माझा कागद चूक आहे, महादेवचा काडीचा दोष नाही. अण्णांनी कागद परत दिला. चूक कुणाच्या नजरेला आली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ‘‘महादेवला तुम्हीच सांगा, मेडम,’’ ते म्हणाले. ‘‘मी काय तोंडानं जाऊ? फार बोललो मी त्याला.’’

दुसऱ्या दिवशी मी अळणावरची गाडी धरली. महादेव घरापुढे भाताची पोती शिवत बसला होता. मी सांगितलं, ‘‘दोष सापडला. कार्ड चांगलं आहे. तुमची चूक नव्हती. अण्णांनी उद्यापासून यायला सांगितलंय.’’ त्यानं मान हलवली. कसा सापडला, कुणी शोधला, काही विचारलं नाही. मला वाटलं, साधा माणूस, त्याला त्यातलं काय कळणार. आतून त्याची बायको आली, डोळे पुसत माझ्या पाया पडली. ‘‘तुमच्यामुळं झालं, बाई.’’ महादेव तिच्याकडे बघत होता. मी तिला उठवलं. तेव्हासुद्धा मी ईरप्पाचं नाव घेतलं नाही.

यानंतर वर्षं गेली. बेलूरचा कारखाना माझ्या नावाला चिकटला. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, मेलेलं कार्ड जिवंत करणारी बाई. मला त्यातून कामं मिळाली. ईरप्पाच्या गाळ्यासमोरची माणसं मोजायचं मी काही सोडलं नव्हतं, पण आता मोजताना मान वर करवत नव्हती.

गेल्या खंडेनवमीच्या आयुधपूजेला अण्णांनी मला बोलावलं. नवीन यंत्र आलं होतं, जुन्याला निरोप द्यायचा होता. झेंडूच्या माळा, कापलेला कोहळा, सगळ्या कामगारांची घरची माणसं. अण्णांनी मला शाल घातली आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली, थोडं तिखटमीठ लावून. मग माझ्या हातात माईक दिला.

मी ठरवून गेले नव्हते. पण बोलायला लागले आणि बोलून टाकलं. मराठीत बोलले, कानडीत बोलले, जे सुचेल त्यात बोलले. म्हणाले, ते मी शोधलेलं नव्हतं. धारवाडच्या ईरप्पानं शोधलं. मी चुकीचा कागद लिहून महादेवची नोकरी घालवली होती आणि ईरप्पानं दाखवलं नसतं, तर हे यंत्र भंगारात गेलं असतं. मला त्याचा हेवा वाटत होता, म्हणून मी इतकी वर्षं बोलले नाही.

मग अण्णांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. ‘‘बघा,’’ अण्णा माईक घेऊन म्हणाले, ‘‘एवढी मोठी कारागीर, पण गर्व नाही. दुसऱ्याला मोठेपणा देतायत.’’ प्रसाद घेताना एक बाई मला म्हणाली, ‘‘किती नम्र हो तुम्ही!’’ एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

चप्पल घालत होते, तेव्हा महादेव जवळ आला. आता तोही निवृत्तीला टेकला आहे.

‘‘मेडम, तुमी बोलला ते खरं हाय. मला ठाऊक हाय.’’

‘‘तुम्हाला कसं ठाऊक?’’

‘‘ईरप्पाण्णा कारखान्यात यायच्या आदल्या दिवशी आमच्या घरला आलेले. दोन तास बसलेले. त्या सोमवारी काय काय झालं, ते सगळं विचारून घेतले.’’

‘‘तुम्ही काय सांगितलंत?’’

महादेव जरा घुटमळला. ‘‘तुमी हुबळीला खोका आणायला गेला नव्हं, तवा मी परत एकदा बटण दाबलो. हात लावू नका म्हणालेला तुमी, तरी दाबलो. सुरू झालं. मिनिटभर चाललं. यंत्राचं डोकं हललं, जाग्यावर जाऊन थांबलं. मग परत सगळं बंद पडलं. एवढं सांगितलो. तसं ईरप्पाण्णा म्हणाले, मग कार्ड चांगलं हाय. जुन्या खोक्यावर चाललं, नव्यावर चालंना, तर उणं नव्यातच हाय. कुणाला सांगू नको म्हणाले, अक्काला वाईट वाटंल.’’

मी तशीच उभी राहिले, एका पायात चप्पल. खोका मी मेलेला ठरवल्यानंतरही ते यंत्र हललं होतं. कार्ड जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा होता?

‘‘मग तेव्हाच मला का नाही सांगितलंत, महादेव?’’

तो रागानं बोलला नाही. अगदी साधेपणानं म्हणाला, ‘‘तुमी विचारला असता तर तुमाला पण सांगितलो असतो, मेडम.’’

बसमध्ये मी ती शाल पिशवीत कोंबली. इतकी वर्षं मी त्याच्या हातांचा हेवा केला, कानांचा केला, नाकाचा केला. त्यात निदान एक सोय होती, ते देवाचं देणं होतं, माझा इलाज नव्हता. महादेवच्या घरी जाऊन दोन तास बसण्यासाठी देवानं काही वेगळं द्यावं लागत नाही. अळणावरची गाडी मलाही मिळाली असती. त्या दिवसापासून माझा हेवा गेला, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. उलट तो वाढला आहे.

परवा सकाळी नवनगरातल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांचा जुना संगणक मध्येच बंद पडतो, मी बघेन का. मी त्यांना ईरप्पाचा नंबर दिला. दुपारी माझं जेवणात लक्ष लागेना. काय असेल? कपॅसिटर? पंखा? भिंतीतला प्लग? चार वाजता राहवलं नाही, मीच ईरप्पाला फोन लावला.

‘‘त्या नवनगरच्या बाई आल्या का?’’

‘‘आल्या की. हितंच हायत.’’

‘‘मग? काय निघालं?’’

‘‘अजून उघडलोच नाही, अक्का,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘बाई सांगालेत, ते ऐकालोय.’’